चेटकिणी, शक्ती आणि एक कादंबरी: नागपूरच्या नवलेखकांसाठी पायरी-पायरीनं

चेटकिणी आणि अचाट शक्तींवरची माझी विनोदी कादंबरी छापून आली तेव्हापासून एकच प्रश्न वेगवेगळ्या तोंडांनी येतो. कॉलेजातली मुलं विचारतात, निवृत्त झालेले काका विचारतात, आमच्या दूधवाल्यानंही विचारलं: "ताई, माह्या डोक्यात बी एक इष्टोरी हाय, पुढं काय करू?" प्रत्येकाला वेगळं सांगत बसण्यापेक्षा एकदाच लिहून टाकते. हे नागपुरातून लिहिणाऱ्यांसाठी आहे. पुण्या-मुंबईच्या मंडळींनी कूलरच्या जागी आपापली दुःखं घालून वाचावं.

आधी हे जवळ ठेवा:

- दोन वह्या. एक गोष्टीची, दुसरी फक्त नियमांची. दुसरी कशाला, ते पायरी २ मध्ये येईल.
- युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही संगणकावर तसंच वाचता येईल अशा पद्धतीनं, मराठी टंकता येईल असा संगणक. मोबाइलही चालतो, पण मान मोडते.
- जादूटोणाविरोधी कायद्याची मराठी प्रत. हो, कादंबरीसाठीच.
- आधार, पॅन, पत्त्याचा पुरावा. पुढे करार, आयएसबीएन (पुस्तकाचा ओळखनंबर), कॉपीराइट, सगळीकडे लागतात.
- तोंडावर "नाही जमलं" म्हणणारा एक माणूस. नवरा किंवा बायको या कामाला चालत नाही. त्यांना घरात राहायचं असतं.

१. चेटकीण कुठली, ते ठरवा

नवा लेखक पहिल्याच पानावर टोकदार काळी टोपी, उकळती कढई आणि झाडू घेऊन येतो. ही बाई विलायती पुस्तकांतून आलेली असते. ती सक्करदऱ्याच्या एखाद्या वाड्यात उतरली की तिचं करायचं काय, हे कोणालाच सुचत नाही, लेखकालाही नाही.

झाडूचंच घ्या. आपल्याकडे केरसुणी म्हणजे लक्ष्मी. दिवाळीला तिला हळदकुंकू लावतात, चुकून पाय लागला तर हात जोडतात. तिच्यावर बसून महाल मोहल्ल्यातून सीताबर्डीला निघालेल्या बाईला आधी घरच्यांशी भांडावं लागेल, आकाशाचं नंतर बघू. माझ्या पुस्तकात कुमुदमावशी पहिल्यांदा उडायला निघते तेव्हा तिची सासू अंगणात आडवी पडते. उडण्याला म्हातारीची हरकत नसते. "उड नं वं, कोन नाही म्हनते? पन लक्ष्मीवर बसून नोको उडू." शेवटी तडजोड खराट्यावर होते. खराटा टोचतो, म्हणून मावशी सोफ्याची उशी बांधून घेते, आणि मग पूर्ण पुस्तकभर ती उशी कुठे ना कुठे पडत राहते. विलायती झाडू ठेवला असता तर यातलं काहीच हाती लागलं नसतं.

तेव्हा एक यादी करा. डाव्या हाताला विलायती चेटकिणीच्या वस्तू, उजव्या हाताला तुमच्या मोहल्ल्यात त्या वस्तूचं काय होईल ते. मुखवट्याची गरज आहे का? नागपुरात मे महिन्यात व्हरायटी चौकाच्या सिग्नलला उभं राहून बघा. दुचाकीवरच्या झाडून सगळ्या बायांनी डोळे सोडून सगळं तोंड स्कार्फनं बांधलेलं असतं. गुप्तपणे वावरणाऱ्या चेटकिणीला यापेक्षा सोयीचं शहर नाही. उंच उडायचं म्हणाल, तर देशावरून आडव्या-उभ्या जाणाऱ्या कितीतरी विमानांशी बोलणारं हवाई वाहतूक नियंत्रण इथेच सोनेगावला आहे. खराट्याला परवानगी कोणत्या उंचीची, यावर एक अख्खं प्रकरण होतं. झालंही.

आणि नागपूरकराला चेटूक शोधायला लांब जायचं कारणच नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, इतवारी-महालच्या रस्त्यांवर उभे राहा. काळी मारबत १८८१ पासून निघते, पिवळी १८८५ पासून. हजारो लोक एका प्रचंड बाईच्या पुतळ्यामागे "इडा पीडा घेऊन जा गे मारबत" ओरडत जातात, सोबत त्या वर्षीच्या भ्रष्टाचाराला, महागाईला, पुढाऱ्यांना टोमणे मारणारे बडगे, म्हणजे पुतळे, असतात, आणि शेवटी सगळं जाळून टाकतात. भीती, नवस आणि चेष्टा एकाच मिरवणुकीत. तुमच्या कादंबरीचा सूर कोणता असावा असं कोणी विचारलं तर मी हाच पत्ता देते. फक्त गाडी घेऊन जाऊ नका, त्या दिवशी गल्ल्या बंद असतात.

२. शक्ती छोटी ठेवा, किंमत मोठी लावा

सगळ्यात जास्त हस्तलिखितं इथे मरतात. नायिकेला उडता येतं, अदृश्य होता येतं, काळ थांबवता येतो, भविष्य दिसतं. मग तिला अडचण कसली? अडचण नसली की गोष्ट नाही, आणि विनोद तर मुळीच नाही. विनोद अडलेल्या माणसाचा होतो.

म्हणून प्रत्येक पात्राला अंगची एकच शक्ती द्या, ती अर्धवट द्या, आणि तिचं बिल कोणाच्या तरी नावावर फाडा. माझ्या कुमुदमावशीला बंद पडलेलं कुठलंही यंत्र नुसतं हात लावून सुरू करता येतं. पण फुकट नाही: तिच्याकडे जे सुरू होतं, तेच शेजारच्या घरात बंद पडतं. हिवाळ्यात ही गंमत वाटते. नागपुरात २३ मे २०१३ रोजी पारा ४७.९ अंशांवर गेला होता. मी ते प्रकरण त्याच दिवशी ठेवलं. मावशीचा कूलर घुर्रकन सुरू होतो, देशमुखांचा थांबतो. देशमुख वायरमनला बोलावतात, वायरमन पंपाचं झाकण उघडून बसतो, त्याला काही सापडत नाही, तो बाहेर पडताच मावशीला दया येते, ती आपल्या कूलरवरचा हात काढते, देशमुखांचा सुरू, आणि देशमुख वायरमनला पैसे द्यायला नकार देतात, कारण "तू तर काही केलंच नाही". पुढची वीस पानं या एका नियमातून आपोआप आली. मला प्रसंग शोधायला जावंच लागलं नाही.

तिच्या भाचीला, पिंकीला, लोकांच्या मनातलं ऐकू येतं, पण तर्री-पोह्यांनी तोंड जळत असेल तेवढाच वेळ. याचा परिणाम असा की तिला फक्त पोह्यांच्या गाडीजवळच्या लोकांचीच मनं कळतात, आणि सकाळी आठ वाजता त्या सगळ्यांच्या मनात एकच विचार असतो: चणे कमी टाकले.

आता ती दुसरी वही. तिच्यात चार रकाने पाडा: शक्ती काय, केव्हा चालते, किंमत कोण भरतं, आणि ती कोणाकोणाला माहीत आहे. पहिले तीन सगळे लिहितात. घोटाळा चौथ्यात होतो. आठव्या प्रकरणात जावयाला मावशीचं गुपित कळलेलं असतं आणि चौदाव्यात तोच जावई तोंडाचा आ करून बघतो. वाचक हे लगेच पकडतात, आणि विनोदी पुस्तकाचा वाचक तर टपूनच बसलेला असतो. प्रकरण संपलं की रकाना भरा, मगच झोपा.

एक फरकही लक्षात ठेवा. जादू शिकावी लागते, शक्ती अंगची असते. दोन्ही एकाच पुस्तकात आणल्यात तर शिकलेल्या आणि जन्मजात अशा दोन गटांत तंटा लागणारच. लागू द्या. आपल्याकडे कोचिंग क्लासवाले आणि घराण्याचा वारसा सांगणारे यांचं भांडण लिहायला कोणालाही कल्पनाशक्ती लागत नाही.

३. कायदा वाचा, मग हसा

नरबळी, अघोरी प्रथा आणि जादूटोणा यांविरुद्धचा महाराष्ट्राचा कायदा २०१३ चा. त्या वर्षी २० ऑगस्टला डॉ. नरेंद्र दाभोलकरांची पुण्यात हत्या झाली, लगेच वटहुकूम निघाला, आणि डिसेंबरमध्ये विधेयक मंजूर झालं ते इथे, नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत, दंड पाच हजारांपासून पन्नास हजारांपर्यंत. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामाचं एक मोठं केंद्रही, श्याम मानवांची अखिल भारतीय अंधश्रद्धा निर्मूलन समिती, याच शहरातलं. अशा गावात बसून चेटकिणींवर लिहायचं तर तो कायदा निदान एकदा चाळलाच पाहिजे.

कल्पनेतल्या बाईनं कल्पनेतला कूलर सुरू केला म्हणून कोणी तुमच्या दारात येत नाही. तरी कायद्याला जोडलेली अनुसूची बारा कलमांची आहे ती नीट वाचा, कारण तिथे तुम्हाला पात्रं सापडतात. साप, विंचू, कुत्रा चावल्यावर दवाखान्यात जाऊ न देता गंडेदोरे करणारा, स्वतःत विशेष शक्ती आहे असं सांगून लोकांना लुबाडणारा, आणि अमुक माणूस करणी करतो असं पसरवून त्याचं जगणं अवघड करणारा. विनोदाचं तोंड या लोकांकडे वळवा.

हे मी जरा जोर देऊन सांगते. गडचिरोली, मेळघाटाकडून अजूनही बातम्या येतात: जादूटोण्याच्या संशयावरून कुणाला मारहाण, कुणाची धिंड, कधी जीवही जातो. बळी बहुधा गरीब, आणि बायाच जास्त. एकटी राहणारी, विधवा, जिच्या नावावर थोडी जमीन आहे अशी. तेव्हा "म्हातारी कुरूप, म्हणून चेटकीण" हा जुना विनोद लिहू नका. तो खपतो, पण तो त्या जमावाच्या बाजूनं उभा राहतो. माझ्या पुस्तकातल्या गल्लीत मावशीला सगळ्यात जास्त घाबरतो तो तिला गुपचूप कूलर दुरुस्तीला बोलावणारा सोसायटीचा अध्यक्ष. हसू त्याच्यावर आहे.

एक बारीक पथ्य: पुस्तकात कोणी आजारी पडलं तर त्याला मेडिकल किंवा मेयो या सरकारी दवाखान्यात न्या. ताप मंत्रानं उतरवू नका. विनोदातसुद्धा नाही. माझी मावशी स्वतःच्या गुडघ्यासाठी मेयोच्या रांगेत उभी राहते आणि तिथला बंद पंखा बघून हात आवरते, कारण शेजारच्या वॉर्डातही पंखा आहे. तो प्रसंग लोकांना सगळ्यात जास्त आवडला.

आणि हो, हिवाळी अधिवेशनावर प्रकरण लिहायचा मोह सगळ्यांनाच होतो. चेटकिणींचा मोर्चा यशवंत स्टेडियमवरून निघतो, पोलीस अडवतात, शिष्टमंडळ निवेदन देतं, मंत्री "सकारात्मक विचार करू" म्हणतात. लिहा, पण एक तरी अधिवेशन स्वतः फुटपाथवर उभं राहून बघा. खऱ्या मोर्च्यातल्या बाया उन्हात बसून डबे उघडतात आणि एकमेकींच्या भाज्यांना नावं ठेवतात. ते बघितल्याशिवाय लिहिता येत नाही.

४. बोली

पुस्तकी मराठीत नागपूरचा विनोद थंड पडतो. पण सगळंच बोलीत लिहिलं तर सांगलीचा वाचक दहाव्या पानावर पुस्तक ठेवतो. मी निवेदन प्रमाण मराठीत ठेवलं आणि तोंडं मोकळी सोडली:

"काऊन वं कुमुद, तुह्या घरी कूलर चालू हाय अन् आमच्या घरी नाही?"
"मले काय म्हाइत? बिल भरलं नसन तुमी."
"भरलं ना वं माय! पावती दाखवू का?"
"दाखवा. पावतीनं वारं येते का पाहू."

इथे फसतात ते असे: अमरावती-अकोल्याची वऱ्हाडी, नागपूर शहराची हिंदी मिसळलेली बोली आणि भंडारा-गोंदिया-गडचिरोलीची झाडीबोली एकाच तोंडात कोंबतात. ज्याच्या तोंडी "डोये" आहे त्याच्या तोंडी पुढच्या ओळीत "डोळे" नको. शहरातला पोट्टा "काय करून राहिला बे" म्हणेल, त्याची अचलपूरची आजी तसं म्हणणार नाही. प्रत्येक पात्राचं गाव आणि शाळा वहीत लिहून ठेवा, म्हणजे तोंड घसरत नाही. मुद्रितशोधकालाही आधीच एक पानभर यादी द्या. नाहीतर तो शुद्धलेखनाच्या नियमांना जागून तुमचं "म्हाइत" निमूटपणे "माहीत" करून ठेवेल, आणि त्याचं काही चुकलेलं नसेल.

बोलून टंकायची सोय असेल तर ती निवेदनापुरती वापरा. संवादात "काऊन"चं काय होतं ते एकदा करमणूक म्हणून बघाच.

५. पहिला खर्डा

याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. बसा आणि लिहा. विनोदी कादंबरी चाळीस-पन्नास हजार शब्दांच्या पुढे गेली की दमते. प्रकरण दोन-अडीच हजार शब्दांचं बरं. उन्हाळ्यात पहाटे लिहा, दुपारी नागपुरात डोकं चालत नाही आणि चाललं तर चिडकं चालतं.

६. मोठ्यानं वाचून दाखवा

विनोद कागदावर तपासता येत नाही. चार माणसांसमोर वाचा आणि कुठे हसले ते पेन्सिलीनं टिपा. "छान आहे" याला काही किंमत नाही, हसू आलं की नाही एवढंच बघा. वाचक शोधायला झाशी राणी चौकात विदर्भ साहित्य संघ आहे. १४ जानेवारी १९२३ ला, संक्रांतीच्या दिवशी सुरू झालेली संस्था. तिथल्या कार्यक्रमांना जाऊन मागच्या खुर्चीत बसत राहिलात की ओळखी होतात. सुरुवातीला कुणी "चेटकिणी? गंभीर काही लिहा" असंही म्हणेल. चहा पाजा आणि कूलरचं प्रकरण ऐकवा.

कल्पना चोरीला जाईल म्हणून कुणालाच न दाखवणारे खूप भेटतात. कॉपीराइट कल्पनेवर नसतोच, लिहिलेल्या शब्दांवर असतो. "मनातलं ऐकणारी मुलगी" कोणाचीच नाही. तुमची पिंकी मात्र तुमची.

७. फॉण्टचं लचांड

हे कंटाळवाणं आहे, पण इथे महिने जातात. तुम्ही युनिकोडमध्ये टंकलेलं असतं. डीटीपीवाला, म्हणजे पानं लावणारा, म्हणतो, आमच्याकडे पेजमेकर (पानं लावायचं जुनं सॉफ्टवेअर) आहे, कन्व्हर्ट करून घेतो. पेजमेकरला युनिकोड कळत नाही, म्हणून मजकूर श्री-लिपी किंवा तसल्या जुन्या फॉण्टमध्ये नेतात, आणि त्या प्रवासात जोडाक्षरं, रफार आणि विशेषतः "ऱ्य" यांचे हाल होतात. "दऱ्या" ओलांडणारी चेटकीण "दर्या" ओलांडू लागते. ही चूक तपासणीतही निसटते, कारण दोन्ही शब्द खरे आहेत.

यावर उपाय एकच: युनिकोडमध्येच मांडणी करणारा माणूस शोधा. तो इनडिझाइन हे सॉफ्टवेअर वापरत असेल तर त्यात वर्ल्ड-रेडी कंपोझर चालू आहे ना, हे पहिल्या दिवशी विचारा. तो बंद असला की वेलांट्या भलत्याच जागी जाऊन बसतात. फॉण्ट निवडताना "ल" आणि "श" मराठी वळणाचे आहेत का ते बघा, कित्येक फॉण्टांत ते हिंदी वळणाचे असतात आणि पान परकं दिसतं. मुक्ता किंवा तिरो देवनागरी मराठी हे दोन्ही फुकट मिळतात आणि शोभतात.

मांडणी झाल्यावर पीडीएफवर नाही, कागदावर तपासा. आणि शोध घेऊन सगळे "र्या" बघा, एकेक.

८. प्रकाशक, की स्वतः?

आधी एक गोष्ट. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखकांसाठी अनुदान योजना आहे, ती पहिल्या, अप्रकाशित पुस्तकाला मिळते. घाईनं पन्नास प्रती छापून घेतल्यात की तो दरवाजा बंद. तेव्हा वर्षाचा अर्ज केव्हा मागवतात ते बघून मगच पुढचं ठरवा.

प्रकाशकाकडे जाताना तीन प्रकरणं, दोन पानी गोषवारा आणि नियमवहीतलं शक्तींचं एक पान पाठवा. हे शेवटचं मी सुचवते, कारण "काल्पनिक" म्हटलं की संपादक गोंधळतात, आणि नियम दिसले की त्यांना धीर येतो. उत्तर यायला महिने लागतात. दर आठवड्याला फोन करू नका.

"तुम्ही पैसे भरा, आम्ही छापतो" म्हणणारेही भेटतील. यात बेकायदा काही नाही, पण मग तो छापखाना आहे, प्रकाशक नाही, आणि त्याच हिशेबानं बोला: किती प्रती, कोणता कागद, उरलेल्या प्रती कोणाच्या, पीडीएफ आणि मुखपृष्ठाची मूळ फाइल कोणाकडे. माझ्या ओळखीत एकीला पैसे भरूनही स्वतःच्या पुस्तकाची फाइल मिळाली नाही.

करार कागदावरच. कॉपीराइट कायद्याप्रमाणे हक्क लेखी दिल्याशिवाय जात नाहीत. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरतं. तरी गप्प राहू नका: छापील, ई-बुक, ऑडिओ, भाषांतर, चित्रपट-मालिका, हे पाच शब्द करारात वेगवेगळे आहेत का ते बघा. "सर्व माध्यमांतील सर्व हक्क, कायमस्वरूपी" अशी ओळ दिसली तर पेन खिशात ठेवा. मुखपृष्ठाच्या चित्रकाराशीही चिठ्ठीभर का होईना, लेखी करा.

९. नंबर आणि नोंदणी

आयएसबीएन दिल्लीची राजा राममोहन राय राष्ट्रीय एजन्सी देते, ऑनलाइन अर्जावर, आणि फुकट देते. कोणी "आयएसबीएनचे पाच हजार" सांगत असेल तर हसा. लेखक स्वतः प्रकाशक म्हणून अर्ज करू शकतो. ओळखपत्र, पुस्तकाचं शीर्षकपान, मुखपृष्ठ अशा गोष्टी जोडाव्या लागतात, म्हणून मुखपृष्ठ आधी तयार ठेवा. छापील आणि ई-बुकला वेगळे नंबर लागतात. जसंच्या तसं पुनर्मुद्रण असेल तर जुनाच चालतो.

कॉपीराइट लिहिल्या क्षणापासून तुमचाच असतो, हयातीत आणि नंतर साठ वर्षं. नोंदणी सक्तीची नाही, पण वाद झालाच तर पुरावा म्हणून कामी येते. साहित्यकृतीला शुल्क पाचशे रुपये, अर्जाचा नमुना चौदावा. डायरी नंबर मिळाला की आक्षेपांसाठी निदान तीस दिवस थांबावं लागतं, त्यामुळे प्रकाशन समारंभाची तारीख याच्यावर अवलंबून ठेवू नका.

एक गोष्ट बहुतेकांना माहीतच नसते: १९५४ च्या कायद्यानुसार प्रकाशकानं पुस्तक प्रकाशित केल्यापासून तीस दिवसांत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला एक प्रत स्वखर्चानं पाठवायची असते, शिवाय मुंबई, चेन्नई आणि दिल्लीच्या ठरलेल्या सार्वजनिक ग्रंथालयांना एकेक. स्वतः छापलंत तर प्रकाशक तुम्हीच. चार प्रती बाजूला काढा, पोस्टाची पावती जपा.

१०. छपाई

डेमी, म्हणजे कादंबरीचा नेहमीचा, आकार घ्या. एका पानावर अडीचशे-पावणेतीनशे शब्द बसतात, म्हणजे पंचेचाळीस हजार शब्दांचं पुस्तक एकशे पासष्ट ते एकशे ऐंशी पानांचं. फर्मा, म्हणजे एकाच मोठ्या कागदावर छापून घडी घातलेली पानं, सोळा पानांचा असतो, म्हणून एकूण पानं सोळानं भाग जातील अशी जुळवा. एकशे अठ्ठ्याहत्तरला थांबलात तर बारावा फर्मा दोनच पानांसाठी उघडावा लागतो. अशा वेळी एखादं स्वगत कापा, कोणालाही कळत नाही.

साधारण तीनशे प्रतींच्या आत डिजिटल, पुढे ऑफसेट परवडतं. पहिल्या पुस्तकाला तीनशे पुरे. नातेवाईक "मला एक ठेव" म्हणतात ते विकत घेण्याविषयी बोलत नसतात.

कागद सत्तर जीएसएमचा (हे कागदाच्या वजनाचं माप), पिवळसर छटेचा घ्या. आणि परफेक्ट बाइंडिंग करणार असाल तर नागपूरचा उन्हाळा लक्षात ठेवा: ते पुस्तक गरम गोंदावर उभं असतं. मे महिन्यात गाडीच्या डिकीत गठ्ठा ठेवलात की पाठ ढिली पडते आणि पानं हातात येतात. शिलाईचे थोडे पैसे जास्त जातात, पण द्या. छापखान्यातून गठ्ठे घेताना प्रत्येक गठ्ठ्यातली एक प्रत उघडून फर्मे क्रमानं लागलेत का ते तिथेच बघा. घरी आणल्यावर कोणी ऐकत नाही.

११. प्रकाशन आणि विक्री

समारंभ डिसेंबरात ठेवू नका. अधिवेशनामुळे रस्ते अडतात आणि पाहुण्यांना खोल्या मिळत नाहीत. मे तर नाहीच. जानेवारी-फेब्रुवारी चांगले. पाहुणे दोनच बोलवा आणि एका प्रकरणाचं वाचन ठेवा, भाषणांपेक्षा त्यावर प्रती जास्त जातात.

पुस्तकांची दुकानं प्रती बहुधा विक्रीनंतर पैसे या बोलीवर ठेवतात आणि तीस-चाळीस टक्के कमिशन घेतात. ते महाग वाटलं तरी किंमत ठरवताना त्यात धरलेलं असावं, नाहीतर प्रत्येक प्रतीमागे खिशातून जातं. ग्रंथालयांसाठी शासनाची निवडीची यादी निघते, तिच्यासाठी प्रती पाठवायची मुदत बघून ठेवा. वाचनालयांना थेट जाऊनही भेटा. ग्रंथपाल चेटकीण बघून आधी बालविभागाकडे बोट दाखवतात, तेव्हा कूलरचं प्रकरण उघडून द्या.

दुकानात प्रती देताना डिलिव्हरी चलान दोन प्रतींत करा: किती प्रती, छापील किंमत, कमिशन, तारीख, आणि दुकानदाराची सही-शिक्का. तोंडी "ठेवून जा ताई, बघू" यावर ठेवू नका. दर तीन महिन्यांनी चलान घेऊन जा आणि उरलेल्या प्रती स्वतः मोजा, कपाटाच्या मागच्या रांगेतल्यासुद्धा.